कोंबडीला पाकात घोळवलं म्हणे!

शांतं पापम्! कोंबडी तळली, इथवर आमचं काही म्हणणं नव्हतं. पण तळून झाल्यावर तिला पाकात घोळवायची? त्या पाकात सोया सॉस, ठेचलेला लसूण, मिरचीची आंबवलेली पेस्ट, चमचाभर व्हिनेगर. वरून तीळ भुरभुरायचे, हवा तर दाण्याचा भरड कूट. आणि ही चकाकती, चिकट, धड गोड नाही न् धड तिखट नाही अशी वस्तू ताटात घेऊन पोरांनी सांगायचं, "आज रस्सा नको." रस्सा नको! रविवारी सकाळी पिशवी घेऊन चिकनवाल्यापुढे रांगेत उभं राहणाऱ्या बाबांना हे ऐकून त्या दिवशी दोन घास कमीच गेले म्हणतात.

बरं, चिकनही कसलं आणायचं, तर बोनलेस. म्हणजे हाडं चघळणं नाही, बोटं चाटणं नाही. काड्यांच्या जोडीने एकेक तुकडा उचलायचा, कॅमेऱ्यासमोर धरायचा, दाताखाली त्याचा आवाज करून दाखवायचा आणि डोळे मिटायचे. आमच्या वेळी जेवताना आवाज केला तर पाठीत धपाटा बसायचा. आता आवाज आला नाही तर पाककृती फसली समजतात.

कुणीतरी सुरू केलंच असणार हे. चौकशी केली तर बोट जातं दक्षिण कोरियातल्या देगू शहराकडे, यून जोंग-ग्ये नावाच्या गृहस्थांकडे. १९८०च्या सुमारास ते तिथे तळलेली कोंबडी विकत. गिऱ्हाइकांची कुरकुर अशी की गार झाल्यावर कवच इतकं कडक होतं, की टाळू सोलून निघतो. एखादा म्हणाला असता, गरम असताना खा बाबांनो. यांनी मात्र किमचीच्या मसाल्यावरून सुचलेला एक तिखट लेप त्या कोंबडीला लावून पाहिला. लेप काही केल्या जमेना. तेव्हा शेजारच्या एका आजीबाईंनी सल्ला दिला, की यात मुल्योत घालून बघ. मुल्योत म्हणजे धान्याच्या स्टार्चपासून केलेला दाट, गोड पाक. तो घातला आणि सगळं जुळून आलं. ही हकीगत खुद्द यून यांनीच पुढे सांगितली आहे. म्हणजे बघा, जगभरच्या नातवंडांना ज्याने बिघडवलं तो सॉस एका आजीच्या सल्ल्यातून निघाला, आणि आज त्याच्याकडे बघून नाक मुरडण्यात आज्याच पुढे!

त्यांनी पुढे दुकानांची साखळी काढली, तिचं नाव ठेवलं मेक्सिकन चिकन. तळणीची पद्धत अमेरिकेची, मसाला किमचीचा, नाव मेक्सिकोचं आणि पत्ता देगूचा. कुळगोत्र विचारायला गेलात तर चक्कर येईल. या मसालेदार सॉसवाल्या कोंबडीला तिकडे यांगन्यम चिकन म्हणतात.

पण यूनसाहेबांवर सगळं खापर फोडणं बरं नव्हे, कारण या घराण्यात आणखी एक कन्या आहे आणि ती जास्त आगाऊ. तिचं नाव डाकगांगजंग. कोरियात नवीन वर्षाच्या सणाला गांगजंग नावाची मिठाई करतात: फुलवलेला तांदूळ, तीळ, दाणे पाकात घोळवून वळायचे किंवा थापायचे. थोडक्यात, आपल्या चुरमुऱ्याच्या लाडवाची लांबची बहीण. तर या सोवळ्या सणासुदीच्या पाकात कुणाच्या तरी डोक्यातून कोंबडीचे तुकडे पडले! आणि ते पाप लपवायचं सोडून गावोगावच्या बाजारांनी त्याचा डंका पिटला. इंचनच्या सिन्पो बाजारात त्यासाठी रांगा लागतात. सोकचो हे समुद्रकाठचं गाव. तिथे लोक जातात मासळी खायला आणि परत येताना हातात असतो डाकगांगजंगचा खोका. मासळीच्या गावाहून कोंबडी आणायची, मालवणहून सोनपापडी आणल्यासारखंच झालं की. आणि त्याची बढाई काय, तर दुसऱ्या दिवशी गार खाल्ली तरी कुरकुरीत लागते.

आता माझ्या मते खरं आक्रीत इथे आहे, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. जो तो गोडावर घसरतो. अहो, गोडाचं काय घेऊन बसलात! तळलेल्या वस्तूवर ओलं ओतलं की ती मऊ पडते, हा सृष्टीचा नियम आहे. ही बया अंगभर सॉस माखून बसते आणि तरी कुर्रकन वाजते. हे काही चेटूक नाही, पण त्यामागे जी मेहनत आहे ती ऐकाल तर तोंडावर हात ठेवाल.

आधी पीठ. मैदा नावाला, स्टार्च भरपूर. कोरियात बटाट्याचं स्टार्च वापरतात. आपल्या फडताळात कॉर्नफ्लॉवरचा डबा असतोच, तोही चालतो. मैद्यातलं ग्लुटेन आवरणाला चिवटपणा आणतं, स्टार्चचं कवच पातळ आणि ठिसूळ होतं. तुकडे घ्यायचे मांडीच्या मांसाचे, लिंबाएवढे. छातीचं मांस या दगदगीत कोरडं पडतं. मीठ, मिरपूड, आल्याचा रस लावून तासभर ठेवायचे, मग सुटलेलं पाणी टिपून घ्यायचं आणि स्टार्चमध्ये असे दाबून घोळवायचे, की एकही कोपरा उघडा राहू नये.

मग तळणं, आणि तेही दोनदा! एकदा तळलेलं पुन्हा तळायला निघाल्यावर ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठ्या पडणारच. पण कढईभर तेल लागत नाही, पसरट पॅनमध्ये बोटाच्या पेरभर तेल पुरतं. तुकडा सोडला की आधी मोठाले बुडबुडे उठतात आणि जोराचा चर्रर्र आवाज येतो. तो तेलाचा नव्हे, उडून जाणाऱ्या पाण्याचा आवाज. गर्दी करायची नाही, नाहीतर तेल थंड होतं आणि पीठ तेल पीत बसतं. हळूहळू बुडबुडे बारीक होतात, आवाज पातळ होत जातो. तेव्हा तुकडे काढायचे, रंग फिका का असेना. आणि काढून ठेवायचे जाळीवर. ताटात ढीग घातलात तर खालचे आपल्याच वाफेने भिजतील. पाच-सात मिनिटांत मांसातला उरलासुरला ओलावा कवचात येतो. आता आच वाढवायची आणि तेच तुकडे पुन्हा तेलात, दीड-दोन मिनिटं. बाहेर आलेला ओलावा या खेपेला पार उडतो. झाऱ्यात हलवले तर तुकडे एकमेकांवर खडखडतात. तो खडखडाट आला नाही तर पुढे जाऊ नका.

आणि मग पाक. इथे मात्र आमच्या बायका कोरियन बायकांच्या तोडीस तोड. सोया सॉस, साखर किंवा मध, लसूण, सुकी मिरची, थोडंसं पाणी एकत्र उकळायचं. बुडबुडे फुगून आळसावल्यासारखे फुटायला लागले, की थेंब दोन बोटांत धरून बघायचा. तार आली? मग झालं. पाकात पाणी जितकं कमी, तितकं कवच शाबूत. पाक पातळ राहिला तर मघाची सगळी तपश्चर्या वाया गेली म्हणून समजा. पाक रवाळ होऊ नये म्हणून तिकडे मुल्योत घालतात, आपण त्याच कामाला लिंबाचे चार थेंब पिळत आलो. गोचुजांग, म्हणजे ती मिरचीची आंबवलेली पेस्ट, घालायची असेल तर शेवटी आणि मंद आचेवर. तिच्यात चिकट तांदूळ असतो, पटकन बुडाला लागते. आणि वेगळं मीठ? अजिबात नाही. मुळात सोया सॉसच खारट असतो! शेवटी कोंबडी पाकात टाकायची. पाक कोंबडीवर ओतायचा नाही. दोन-तीनदा वरखाली केली की उतरवली.

चिरोट्यांसाठी न् बुंदीसाठी पिढ्यानपिढ्या राखून ठेवलेली ही तारेची विद्या आता कोंबडीवर उधळली जातेय. दिवाळीला पाक बिघडवणारी सून कोंबडीचा पाक मात्र बिनचूक करते, याला काय म्हणावं?

असो. आता त्या "कोंबडीत गोड?" म्हणून किंचाळणाऱ्यांकडे वळू. तुमच्या आमटीत गूळ कोण घालतं हो? अळूच्या फतफत्यात, चिंचगुळाच्या वरणात, भरल्या वांग्यात? ज्यांच्या घरात गुळाचा खडा पडल्याशिवाय फोडणीला अर्थ येत नाही, त्यांनी कोंबडीपुरतं सोवळं नेसायचं, हे कुठलं शास्त्र? आणि पोरांना परदेशी चवीचं वेड लागलं म्हणायचं, तर चिकन मांचुरियन कुठून आलं? १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये नेल्सन वाँग यांनी ते पहिल्यांदा केलं असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. आजचे काका ते खातच मोठे झाले, लग्नाच्या बुफेत त्याच्यासाठी दोनदा रांगेत उभे राहिले. आता तेच म्हणतात, ही पिढी वाया गेली!

पण तिकडच्या लोकांनी ताळतंत्र सोडलंय, हे मात्र मान्य करावंच लागेल. कोंबडीबरोबर बिअर प्यायची, आणि या जोडीला चिमेक असं खास नाव द्यायचं. २०१३-१४मध्ये परग्रहावरून आलेल्या देखण्या माणसाची एक मालिका तिकडे गाजली. त्यातली नटी पहिला बर्फ पडला की चिमेकची आठवण काढते. झालं! ती मालिका चीनमध्ये पोचली आणि बर्ड फ्लूची धास्ती असतानाही लोक कोंबडीच्या दुकानांपुढे रांगा लावून उभे राहिले. मार्च २०१६मध्ये एका चिनी कंपनीचे साडेचार हजार कर्मचारी सहलीला इंचनला आले आणि उघड्यावर बसून त्यांनी ३,००० कोंबड्या फस्त केल्या. बिअरचे डबे माणशी एक. आमच्याकडे गटारीला नावं ठेवतात!

देगूत तर २०१३पासून या जोडीचा महोत्सवच भरतो. २०२१मध्ये ऑक्सफर्डच्या कोशानेही चिमेक हा शब्द दत्तक घेतला. एवढ्यावर भागलं नाही म्हणून २०१७ साली जेवण घरपोच देणाऱ्या एका कोरियन कंपनीने सेऊलच्या मोठ्या हॉटेलात कोंबडीची परीक्षा घेतली. हो, लेखी आणि चवीची! वारुणीची पारख करणारे असतात ना, तसे कोंबडीची पारख करणारे निवडायचे होते. पाचशे जण बसले, शंभराच्या थोडे वर पास झाले. पुढच्या वर्षी प्राणिहक्कवाले मंचावर चढले आणि भर परीक्षेत गोंधळ झाला. विद्यार्थ्यांनी पेपर दिला, कोंबडीने मात्र प्राण दिले, अशी तिकडची तऱ्हा.

सिनेमावाले कसे मागे राहतील? २०१९च्या जानेवारीत 'एक्स्ट्रीम जॉब' आला. गुन्हेगारांवर पाळत ठेवायला पोलीस कोंबडीचं दुकान घेतात, आणि दुकान इतकं चालतं की पोलिसी कामाला फुरसत मिळत नाही. एक कोटी साठ लाखांच्या वर तिकिटं खपली. सिनेमात बरगड्यांच्या मांसाला लावतात तो गोडसर सॉस कोंबडीला लावला होता, तर सिनेमा बघून सुवॉनच्या खऱ्या दुकानांनी तो पदार्थ विकायला सुरुवात केली. त्याच दिग्दर्शकाने २०२४मध्ये नेटफ्लिक्सवर काय आणावं? एक मुलगी एका विचित्र यंत्रात शिरते आणि तिचा होतो डाकगांगजंगचा एक तुकडा. बाप बिचारा तो तुकडा जिवापाड जपत, मुलीला परत आणायला वणवण करतो! दहा भाग! आणि हे बघून आमची मुलं हळहळतात, मग त्याच रात्री डाकगांगजंग मागवतात. माणुसकी उरली नाही, ती ही अशी.

थांबा, अजून कळस बाकी आहे. ३० ऑक्टोबर २०२५च्या संध्याकाळी सेऊलच्या एका साध्या कोंबडीच्या दुकानात काचेलगतच्या टेबलावर तिघे जण येऊन बसले. एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग, सॅमसंगचे ली जे-योंग आणि ह्युंदाईचे चुंग उइ-सन. जगातली संगणकाची चिप, फोन आणि मोटार एका टेबलावर बसून कोंबडी खातेय आणि काचेबाहेर गर्दी फोटो काढतेय. दुसऱ्या दिवशी शेअर बाजारात कोंबडीवाल्या कंपन्यांचे भाव चढले. ज्या दुकानात ते बसले होते त्याचा शेअर बाजारात नाहीच, म्हणून लोकांनी दुसऱ्यांचे घेतले. या हुशारीपुढे बोलणार काय!

आता जरा आवाज खाली करून सांगते, कारण खमंग चर्चेत जे सहसा निघत नाही ते हेच आहे. इतकी कोंबडी तळायला मुळात उभं कोण राहतं?

१९९७च्या आर्थिक संकटात कोरियाला नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. मोठमोठ्या कंपन्यांनी माणसं घरी बसवली. चाळिशी-पन्नाशीचे साहेबलोक, हातात थोडी रक्कम, घरी शिकणारी मुलं. त्यांनी काय करावं? तळणीची भांडी आणि थोडी जागा असली की कोंबडीचं दुकान निघतं. पीठ, सॉस, पाटी साखळीकडून मिळते. कोरियात एक कडवट विनोद चालतो, की कला शाखा घ्या नाहीतर विज्ञान, शेवटी पोचणार कोंबडीच्या दुकानातच. केबी या वित्तसंस्थेच्या २०१९च्या अहवालात देशभरात अशी सुमारे ८७,००० दुकानं मोजली होती. म्हणजे ढोबळमानाने ६०० माणसांमागे एक. त्याच्या आदल्या वर्षी ६,२०० नवी उघडली आणि ८,४०० बंद पडली.

एवढ्या दाटीत पैशांवरून कशी रणं माजतात! डिसेंबर २०१०मध्ये लोट्टे मार्ट या बड्या दुकानसाखळीने अख्खी तळलेली कोंबडी ५,००० वॉनला विकायला काढली, इतर ठिकाणच्या तुलनेत जवळजवळ फुकटच. पहाटेपासून लोक रांगेत, आणि छोटे दुकानदार रस्त्यावर. आठवडाभरात गाशा गुंडाळावा लागला. २०२२मध्ये एका मोठ्या साखळीच्या अध्यक्षांनी रेडिओवर सांगून टाकलं, की कोंबडीचा भाव खरं तर ३०,००० वॉन हवा. मग त्यांची जी काही शोभा झाली म्हणता! २०२५च्या सप्टेंबरात क्योचन या कोंबडीवाल्या साखळीने बोनलेस कोंबडीचं वजन ७०० ग्रॅमवरून ५०० ग्रॅमवर आणलं, भाव मात्र तोच. लोकांनी इतका गदारोळ केला, की कंपनीने निर्णय मागे घेतला आणि डिसेंबरात सरकारने बड्या साखळ्यांना मेन्यूवर वजन छापायला लावलं. दोनशे ग्रॅमसाठी सरकार हलतं बघा. पण जो माणूस रात्री बारापर्यंत तापल्या तेलासमोर उभा राहून तुकडे दोनदा तळतो, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

म्हणून म्हणते, चघळायचंच असेल तर हे चघळा. गोड-तिखटावरून रुसणं हा बसल्या जागचा उद्योग झाला. कवच पाकाखाली कुरकुरीत ठेवणं हे उभ्याने करायचं काम आहे. सेऊलमध्ये ते नोकरी गेलेल्या साहेबाने केलं, आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी घरातलं कुणीतरी करतं, आणि बाकीचे टेबलाशी बसून "जरा गोडच झालंय" म्हणतात.

आपल्याकडे ही कोंबडी आता पाहुणी राहिलेली नाही. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावला जनरल मोटर्सचा होता तो ह्युंदाईने घेतला. पुण्यात कोरियन कुटुंबं राहतात, त्यांची हॉटेलं आहेत. मालिका तर घरोघर. गोचुजांगचा लाल डबा लोणच्याच्या बरणीशेजारी येऊन बसलाय. श्रावणात मांसाहार बंद झाला की तोच पाक फ्लॉवरच्या तुऱ्यांना लागतो, आणि उपासाची मंडळी लांबून वास घेऊन म्हणतात, काय ही थेरं!

या भांडणावर कोरियनांनी काढलेला तोडगा आहे अर्धी-अर्धी: अर्धी कोंबडी साधी तळलेली, अर्धी सॉसमधली, सोबत मुळ्याच्या आंबटगोड फोडी. आजोबांना साधी, नातवाला चकचकीत, सुनेला मुळा. सगळे खूश. पण आमच्या घरांत तो चालायचा नाही. सगळे खूश झाल्यावर बोलायचं कशावर?

आपल्याकडे जेवणापेक्षा जेवणावरची चर्चा लांबते. आधी गोडावर अर्धा तास, मग तेलावर, मग दोनदा तळण्यावर, मग आजकालच्या मुलांवर. तेवढ्यात भजी मऊ पडतात, पुऱ्या बसतात, वडे गार होऊन हिरमुसतात. पाक नीट तारेवर आणून केलेली डाकगांगजंग मात्र सगळ्यांचं सगळं बोलून होईपर्यंत कुरकुरीत राहते. मराठी घरासाठी यापेक्षा सोयीची कोंबडी अजून तरी निघालेली नाही.